डबाबंद मासा करायचा कसा: आधी मसाला, मग मासा

"मावशी, मासा कुठं गेला सगळा? नुसता चोथा झालाय बघ. आणि खारट तर इतका की तोंडात घालवत नाही."

भाचा विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहतो. त्याचा हा फोन आला तेव्हा मी त्याला एकच विचारलं, काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग. त्यानं टूनाचा डबा फोडला, पाण्यासकट ताटात ओतला, हळद-मीठ लावून अर्धा तास मुरवला, मग फोडणीत टाकून झाकण ठेवून वीस मिनिटं शिजवला. घरी आई ताज्या बांगड्याला जे करते, तेच त्यानं केलं. पोराची चूक एवढीच, की डब्यातला मासा कच्चा आहे असं त्यानं धरलं.

हीच चूक मी राजारामपुरीतल्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात पाहिली आहे आणि शिरोलीच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या शेजाऱ्यांच्या खोलीवरही. कोल्हापूरला समुद्राचा मासा घाट चढून येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तो कमी येतो आणि महागही होतो. अशा दिवसांत कपाटातला डबा कामाला येतो, पण तो नीट वापरला तरच.

मूळ गोष्ट आधी मनात पक्की करा. मासा डब्यात भरून, डबा हवाबंद करून, दाबाच्या वाफेत ११५ ते १२० अंशांच्या आसपास तापवलेला असतो. म्हणजे घरच्या कुकरइतका किंवा त्याहून जास्तच शिजलेला. तुम्हाला फक्त मसाला शिजवायचा आहे. मासा त्यात शेवटी जातो, गरम होण्यापुरता.

१. कोणता डबा घ्यायचा

दुकानात टूना जास्त दिसतो, म्हणून लोक टूनाच उचलतात. टूना म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा कुपा. प्रथिनांसाठी तो उत्तम. निथळलेल्या १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पाण्यातल्या टूनात चरबी जेमतेम ग्रॅमभर असते. पण कॅल्शियम त्यात नावालाच, आणि ओमेगा-३ नावाची चांगली चरबीही तारली-बांगड्याच्या मानानं कमी.

माझं मत विचाराल तर तारलीचा डबा आधी घ्या. तिच्यावर सार्डिन असं लिहिलेलं असतं. डब्यात तारली काट्यासकट असते आणि तो काटा इतका मऊ झालेला असतो की बोटानं चुरडतो. १०० ग्रॅम तारलीतून सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. आपल्याकडे मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरलेली आहे. शिवाय ओमेगा-३ एक ग्रॅमच्या आसपास, ड जीवनसत्त्व, आणि बी-१२ तर दिवसाच्या गरजेच्या तिप्पट-चौपट. मॅकरल म्हणजे बांगडा, तो या दोघांच्या मध्ये बसतो आणि रश्श्याला सगळ्यात चांगला.

सॅमनच्या डब्याला पुष्कळजण रावस समजतात. तो वेगळा मासा आहे. रावसाची चव डोक्यात ठेवून घेतलात तर निराशा होईल.

आता डबा हातात घेऊन चार गोष्टी वाचा.

- निथळलेलं वजन. डब्यावर मोठ्या अक्षरात १८५ ग्रॅम असलं तरी आतला मासा १३० ग्रॅमच्या आसपासच असतो. किमतीचा हिशोब याच आकड्यावर करा.
- मासा कशात आहे: पाण्यात, मिठाच्या पाण्यात, तेलात की टोमॅटोच्या रसात. पुढची सगळी कृती यावर ठरते.
- सोडियम. हा आकडा २.५ नं गुणला की मीठ कळतं. समजा १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. १३० ग्रॅम माशात ते झालं ५२० मिलिग्रॅम, म्हणजे १.३ ग्रॅम मीठ. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, त्यातलं पाव या एका डब्यात गेलं.
- तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी परवाना क्रमांक. आयात डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं लेबल असतं, तेही बघा.

मग डब्यावरून अंगठा फिरवा. वरचं आणि खालचं झाकण सपाट किंवा किंचित आत गेलेलं हवं.

*सावध: झाकण फुगलेलं असेल, दाबल्यावर टक्कन आत जाऊन परत वर येत असेल, शिवणीवर चेपलेलं असेल, गंज खोल गेला असेल किंवा डबा चिकट लागत असेल तर तो घेऊ नका. घरात असा डबा निघाला तर न उघडता टाका. चव घेऊन बघायची नाही. बोटुलिझम म्हणजे डब्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे होणारी जीवघेणी विषबाधा, आणि तिचं विष वासावरून वा चवीवरून नेहमी ओळखू येत नाही.*

२. घरात ठेवताना

कोरडी, थंड फळी. गॅसच्या वरचं कपाट नको, सिंकखालचंही नको. जुना डबा पुढं, नवा मागं. एवढं पुरे.

पण नदीकाठच्या घरांसाठी थोडं जास्त लिहिते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा ओसरल्यावर लोकांनी डबे नुसते फडक्यानं पुसून परत फळीवर मांडलेले मी पाहिले. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी. कडी ओढून उघडायच्या झाकणाचा डबा पाण्यात बुडाला असेल तर टाकून द्या, कारण त्या झाकणाच्या कडेत घाण अडकते आणि ती निघत नाही. साधा, कुठंही न चेपलेला, ओपनरनं कापायचा पत्र्याचा डबाच तेवढा वाचवता येतो. कागद सोलून काढा, साबणानं घासा, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून निर्जंतुक करा आणि वर मार्करनं नाव-तारीख लिहा. जरा जरी शंका आली तरी टाका.

पाणी येण्याआधी हे डबे माळ्यावर चढवावेत. वीज जाते, फ्रीज बंद पडतो, आणि न शिजवता खाता येईल असं प्रथिन घरात तेवढंच उरतं.

३. उघडणे आणि निथळणे

उघडायच्या आधी झाकण पुसून घ्या. कडी ओढताना डबा सपाट ओट्यावर ठेवा आणि झाकण पूर्ण उपटू नका. थोडं अडकलेलं राहू दे. त्याची कड पात्यासारखी असते.

उघडल्या क्षणी आतलं पाणी फसफसून किंवा चिळकांडी मारून बाहेर आलं, तर तिथंच थांबा. वास आंबट वा कुजकट असेल तरीही. नुसता माशाचा, थोडासा उकडल्यासारखा वास आला तर ठीक आहे.

कधी कधी काचेच्या बारीक तुकड्यासारखे खडे दिसतात आणि माणूस घाबरतो. बहुतेक वेळा ते स्ट्रुव्हाइट असतं, माशातल्याच क्षारांचे खडे. तुकडा कोमट व्हिनेगरमध्ये टाकून बघा. हळूहळू विरघळला तर खडा. नाही विरघळला तर काच समजा आणि डबा परत करा.

आता निथळणे. यात तीन प्रकार आहेत आणि लोक तिन्ही एकाच पद्धतीनं करतात.

मिठाच्या पाण्यातला टूना: चाळणीत उलटा करा, वाटीच्या बुडानं हलकेच दाबा. मीठ कमी करायचं असेल तर वरून वाटीभर पाणी ओतून पुन्हा दाबा. अर्धा मिनिट, बस. बादलीत भिजवत ठेवलात तर मिठाबरोबर चवही जाते आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही.

तेलातली तारली: धुवायची नाही. तेल वाटीत काढून ठेवा. माशातलं काही ओमेगा-३ त्या तेलात उतरलेलं असतं. फोडणीला ते वापरू नका, वास घरभर होतो. गॅस बंद केल्यावर चमचाभर वरून सोडा.

टोमॅटोच्या रसातला बांगडा: काहीच निथळायचं नाही. तो रस रश्श्यातच जातो, आणि मग चिंच, कोकम, टोमॅटो यातलं काहीही घालायचं नाही. आंबट दुप्पट होऊन रस्सा बिघडतो, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे.

*तपासा: चाळणीखाली पाणी ठिबकायचं थांबलं का? सुकं आणि कटलेट बिघडतात ते इथं राहिलेल्या पाण्यामुळे.*

*सावध: डबा गॅसवर ठेवून तापवू नका. बंद डबा तर मुळीच नाही, तो फुटतो. उघड्या डब्याच्याही आत लेप असतो, तो थेट आचेसाठी नाही.*

४. मसाला पूर्ण शिजवून घ्या (टूनाचं सुकं)

दोघांच्या जेवणाला एक १८५ ग्रॅमचा डबा, दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून, एक टोमॅटो, सहा-सात लसूण पाकळ्या आणि बोटाचं पेर एवढं आलं वाटून, दोन चमचे तेल, पाव चमचा हळद, दीड चमचा चटणी, कोथिंबीर, अर्धं लिंबू.

चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची भरून ठेवलेली. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांनी कांदा-लसूण मसाला समजावं. भाच्याचं सुकं खारट झालं त्याचं निम्मं उत्तर या बरणीत होतं. चटणी टिकावी म्हणून तिच्यात मीठ कुटलेलं असतं. डब्यात मीठ, चटणीत मीठ, आणि त्यानं सवयीनं चमचाभर वरून घातलं. मीठ तीनदा पडलं.

क्रम असा:

१. तेल तापवून कांदा मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता. कडा तांबूस व्हायला हव्यात. घाई केली तर नंतर मासा घातल्यावर कांदा करकरीत लागतो, आणि तेव्हा तो शिजवायला वेळ नसतो.

२. आलं-लसूण घालून एक मिनिट. आच बारीक करा. हळद, चटणी घाला आणि लगेच दोन चमचे पाणी शिंपडा, नाहीतर चटणी करपून कडू होते.

३. टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परता. पळीनं मसाला बाजूला सारला की कढईचा तळ दिसला पाहिजे आणि तेल कडेनं जमलं पाहिजे.

४. इथं थांबून चव बघा. मसाला जरा अळणी लागायला हवा. तो आत्ताच बरोबर लागत असेल तर मासा घातल्यावर खारट होणार, म्हणून एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला.

*तपासा: हा मसाला आत्ता नुसता भाकरीशी खाता येईल का? कच्चट लागत असेल तर मासा अजून घालू नका.*

५. मासा शेवटी, दोन मिनिटं

निथळलेला टूना हातानं सुटा करा, पण पीठ करू नका. अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे राहू द्यात. मसाल्यावर पसरा आणि खालचा मसाला पळीनं वर उचलत दोन-तीनदाच हलवा. झाकण, बारीक आच, दोन मिनिटं. गॅस बंद करून कोथिंबीर आणि लिंबू. मीठ लागलंच तर आता, चिमटीनं.

जास्त वेळ ठेवलं की माशातला उरलासुरला ओलावा निघून जातो आणि धागे कोरडे पडतात. भाच्यानं चोथा म्हटलं ते हेच. लिंबूही गॅस बंद झाल्यावरच पिळा. त्यानं डब्याचा वास दबतो, आणि उकळलं की तो उपयोग राहत नाही.

बांगड्याचा रस्सा करायचा तर नियम तोच, फक्त वाटण वेगळं: भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, आलं-लसूण, कोथिंबीर. वाटण तेलात परतून, चटणी घालून, गरम पाणी ओतून रस्सा दहा मिनिटं चांगला उकळा. मिठाच्या पाण्यातला मासा असेल तर तीन-चार कोकमं. कट वर आला की आच बारीक करा आणि बांगड्याचे तुकडे एकेक करून अलगद सोडा. यानंतर पळी घालायची नाही. पातेलं कानांना धरून गोल हलवा. तीन मिनिटांत खाली उतरवा. वरून आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात मिळाला तर सोनंच.

आणि तारलीला तर गॅसही नको. ताटलीत काट्यासकट चमच्यानं कुस्करा, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, तिच्याच तेलाचा एक चमचा. गरम ज्वारीच्या भाकरीवर पसरून खा. काटे वेचून काढायला बसणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्ही कॅल्शियमसाठी तारली घेतलीत आणि कॅल्शियमच ताटाबाहेर ठेवताय! काटा जाणवतो म्हणणाऱ्या घरातल्यांना नीट कुस्करून द्या, कळतही नाही.

कटलेटबद्दल थोडक्यात: एका डब्याला दोन मध्यम उकडलेले बटाटे, पूर्ण गार झालेले. टूना मुठीत पिळून घ्या. बांधायला मिक्सरमधून काढलेले पोहे दोन-तीन चमचे. वळून वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग तव्यावर. एकदा उलटायचं, सारखं नाही.

६. कोणी किती खावं

निरोगी माणसानं आठवड्यातून दोन-तीनदा खायला हरकत नाही. मी जे लिहिते ते नेहमीच्या तब्येतीसाठी. ज्यांना पुढचं लागू पडतं त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

तालमीतली आणि जिममधली पोरं प्रथिनांसाठी रोज दोन-दोन डबे टूना खातात. एका डब्यात चार-पाच अंड्यांइतकं प्रथिन असतं हे खरं आहे. पण टूना मोठा शिकारी मासा, त्यात पारा लहान माशांपेक्षा जास्त साठतो, आणि मीठही रोजच्या रोज पोटात जातं. बाळांनो, आठवड्यात एक-दोन दिवस टूना, एक दिवस तारली, बाकी अंडी, डाळ, दूध असं फिरवत राहा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तारली, बांगडा असे लहान मासे निवडावेत. टूनासाठी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं गरोदर बाईला आठवड्याला जास्तीत जास्त ४ मध्यम डब्यांची मर्यादा दिली आहे. आपण त्याच्या बरंच आत राहावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मिठाच्या पाण्यातला मासा देऊ नका.

रक्तदाब असेल तर कमी मिठाचा डबा, आणि तोही धुऊन. युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर तारली आणि बांगडा दोन्ही बेतानं. घरात कुणाला माशाची अॅलर्जी असेल तर शिजवल्यानं किंवा डबाबंद असल्यानं ती टळत नाही.

आणि एक, जे फारसं कुणी सांगत नाही. क्षयाच्या औषधात आयसोनियाझिड असतं. ती गोळी चालू असताना टूनासारखे मासे खाल्ले तर काहींना तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधडणं असा त्रास होतो. औषध संपेपर्यंत हे डबे बाजूला ठेवलेले बरे.

७. उरलेलं आणि टिफिनचं

डबा उघडला की त्याचं कपाटातलं आयुष्य संपलं. आता तो ताज्या माशासारखाच नाशवंत आहे. उरलेला मासा लगेच स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या डब्यात काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा, फार तर दोन दिवस. पत्र्यात ठेवलेल्या माशाला धातूची चव येते.

ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला मासा खाऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात एक तास. टूना, बांगडा, तारली या तिन्हींत उष्णतेनं हिस्टामिन नावाचं, अॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं आणि ते एकदा झालं की परत उकळूनही जात नाही. खाताना जीभ मिरीसारखी चुरचुरली तर घास थुंका. अंग लाल झालं, खाज सुटली, डोकं दुखायला लागलं तर डॉक्टरांकडे जा आणि काय खाल्लं ते सांगा. श्वास लागत असेल तर थांबू नका, थेट दवाखाना.

पाळीवर जाणाऱ्यांसाठी: सुकं चालेल. सकाळी ताजं करून, वाफाळतं असतानाच उष्णता धरणाऱ्या डब्यात भरा. तोही डबा आधी उकळत्या पाण्यानं गरम करून घेतलेला हवा. दुपारी उघडल्यावर वाफ निघाली पाहिजे. कोमट लागलं तर ते तासन्‌तास कोमटच राहिलेलं असणार, खाऊ नका. भाकरीवरची कुस्करलेली तारली टिफिनला नेऊ नका. त्यापेक्षा बंद डबा, कांदा आणि लिंबू पिशवीत टाका आणि जेवायच्या वेळी तिथंच फोडा.

शेवटी रिकामा डबा. थोड्या साबणाच्या पाण्यानं विसळा, नाहीतर रात्रीत मुंग्या आणि मांजर दोन्ही येतात. झाकण आत दाबा, तोंड चेपून बंद करा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सुक्या कचऱ्यात द्या. घंटागाडीवरच्या माणसाचे हात त्या कचऱ्यात जातात.